टीप ७ : खाली पेढी, माडीवर बिऱ्हाड

७. ‘फळ्या लावल्या’ : म्हणजे दुकान बंद केले. वर्धा शहर १८६६ मध्ये पालकवाडी गावाच्या जागी आखून वसवले गेले. इथल्या आणि हिंगणघाट, आर्वीच्या कापूसपेठांतल्या जुन्या घरांत बहुधा खाली पेढी, माडीवर बिऱ्हाड. रस्त्यालगत ओटा, मागे सागवानी खांब. दाराऐवजी वरच्या-खालच्या खाचांत एकेक सरकवायच्या सुट्या फळ्या. क्रम चुकू नये म्हणून त्यांवर आकडे. शेवटच्या फळीला कडी-कुलूप. सगळ्या काढल्या की दुकानाचे तोंड सताड उघडे, गादी-तक्क्यावरून रस्ता नजरेत. वरचा लाकडी सज्जा विदर्भाच्या उन्हात ओट्यावर सावली धरी. मधल्या चौकातून आतल्या खोल्यांना उजेड-वारा मिळे. घरच्यांची ये-जा मागच्या बोळातून, त्यामुळे गिऱ्हाइकाची अडचण होत नसे.