गव्हर्नर साइक्स आणि संपांची पाच वर्षे

खानदेशच्या स्वातंत्र्यलढ्याचा विषय निघाला की धुळ्याचा तुरुंग हमखास आठवतो. १९३२ साली विनोबांनी तिथे गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्याच्या दोनच वर्षे आधी, ४ फेब्रुवारी १९३० रोजी, जी. आय. पी. रेल्वेचा संप सुरू झाला. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ ही सगळी त्याच रेल्वेची स्थानके, आणि भुसावळ तर नागपूर व इटारसीकडच्या वाटा फुटणारे मोठे जंक्शन. तो संप मात्र आपल्या गौरवग्रंथांत क्वचितच भेटतो. तुरुंग आणि संप, दोन्ही घटना एकाच गव्हर्नरच्या कारकिर्दीतल्या आहेत.

सर फ्रेडरिक साइक्स डिसेंबर १९२८ मध्ये मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. माणूस लष्करातला. १९१८ मध्ये ब्रिटिश हवाई दलाचे प्रमुख, पुढे पार्लमेंटचे सभासद, आणि माजी पंतप्रधान बोनार लॉ यांचे जावई. ते आले तेव्हा गिरण्यांचा सहा महिन्यांचा प्रचंड संप नुकताच, ऑक्टोबरात, मिटला होता. दीड लाखाच्या आसपास कामगार त्यात होते. एका विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, म्हणजे माणसे कमी लागतील, हा मालकांचा हिशेब त्या संपाच्या मुळाशी होता. संपातूनच गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि वर्षअखेर तिची सभासदसंख्या पन्नास हजारांवर गेली. अध्यक्ष अर्जुन आळवे स्वतः गिरणीतले कामगार, सरचिटणीस श्रीपाद अमृत डांगे.

सरकारने या साऱ्याचे निदान केले ते असे : कामगार मुळात साधा, त्याला बिघडवणारे पुढारी निराळे. २० मार्च १९२९ रोजी देशभर धरपकड झाली. डांगे, घाटे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर, आळवे, कासले हे सगळे मुंबईतून उचलून मीरतला नेले गेले. मीरतमध्ये ज्यूरी नव्हती, मुंबईत असती. खटल्याची जागा निवडण्यामागे हेही कारण होते. हा खटला हिंदुस्थान सरकारचा होता, एकट्या साइक्स यांचा नव्हे, हे नोंदवायला हवे. पण ज्या शहरातून सर्वांत मोठी फळी उचलली गेली ते शहर त्यांचे होते.

आता निदान बरोबर असते, तर पुढारी गेल्यावर गिरण्या शांत व्हायला हव्या होत्या. सव्वा महिन्यातच, २६ एप्रिलला, दुसरा सार्वत्रिक संप सुरू झाला! वाडिया गटाच्या गिरण्यांतील कामगारांना परत घेण्याच्या वादातून तो उसळला. पावसाळा सरता सरता तो फसला, आणि सरकारने नेमलेल्या पिअर्सन चौकशी न्यायालयाने दोष युनियनच्या माथी मारला. संप फसला म्हणून निदान खरे ठरत नाही. उपाशी माणूस कामावर परततो, तो पटले म्हणून परततो असे नाही.

रेल्वेच्या संपाची गोष्ट थोडी वेगळी. १९२५ पासून जी. आय. पी. सरकारी व्यवस्थापनाखाली होती, म्हणजे भुसावळच्या फिटरचा मालक साइक्स नव्हते, दिल्लीचे सरकार होते. फलाटावर आणि चाळींपुढे उभा राहणारा पोलीस मात्र मुंबई सरकारचा. मालक एक आणि दंडुका दुसऱ्याचा, अशी ती विभागणी. १९२९ च्या औद्योगिक तंट्यांच्या कायद्याने रेल्वे कामगाराला पूर्वसूचनेशिवाय संप करणे गुन्हा ठरवून ठेवले होते. युनियनचे जोगळेकर मीरतच्या कोठडीत, आणि १९२९ अखेर नागपूरच्या अधिवेशनात ट्रेड युनियन काँग्रेस फुटलेली. अशा पडत्या काळात रा. स. रुईकर यांच्या अध्यक्षतेखाली हे कामगार रुळांवरून उतरले. संप चालू असतानाच, १२ मार्चला, गांधीजी साबरमतीहून निघाले आणि साऱ्या देशाचे डोळे दांडीकडे वळले. एप्रिलमध्ये मुंबईच्या बाजूला संपकरी लाल निशाणे घेऊन रुळांवर आडवे पडले. तोही सत्याग्रहच होता, पण मिठाएवढे त्याचे नाव झाले नाही. संप मोडला. अनेकांची नोकरी गेली ती गेलीच.

मला वाटते, आपल्या आठवणीतली उतरंड इथेच ठरली. कायदेभंगात तुरुंगात गेलेला माणूस गावी परतला तो हार घालून. संपात नोकरी गमावलेला परतला तो रेल्वेची खोली रिकामी करून. पहिल्याची नोंद तुरुंगाच्या दप्तरात आहे, दुसऱ्याची फक्त हजेरीपटात, तीही नाव खोडलेली. संशोधकाला कागद लागतो आणि कागद राज्यकर्त्यांच्या सोयीने टिकतो.

साइक्स यांच्या अखेरच्या वर्षी, जानेवारी १९३३ मध्ये, मीरतचा निकाल लागला. डांगे, घाटे, जोगळेकर, निंबकर यांना बारा-बारा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ऑगस्टात हायकोर्टाने शिक्षा बेसुमार कमी केल्या. डांग्यांची तीन वर्षांवर आली. डिसेंबरात साइक्स मायदेशी परतले. पुढे १९४२ मध्ये त्यांनी आत्मचरित्रही प्रसिद्ध केले.

२३ एप्रिल १९३४ रोजी मुंबईच्या गिरण्या पुन्हा सार्वत्रिक संपात बंद पडल्या. तेव्हा गव्हर्नर होते लॉर्ड ब्रेबर्न. त्याच वर्षी इलाख्याने तंटे मिटवण्याचा नवा कायदा केला आणि कामगारांची गाऱ्हाणी मांडण्यासाठी सरकारी ‘लेबर ऑफिसर’ नेमला. कामगाराच्या वतीने कोणीतरी बोलले पाहिजे, एवढे सरकारला आता मान्य होते. फक्त तो बोलणारा सरकारच्या पगारावर असायला हवा होता.