पुढचं चाक उघडं का?

1957 साल संपत आलं तेव्हा मोटारसायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे एफआयएमने, एक नियम केला. 1958 पासून शर्यतीच्या गाडीचं पुढचं चाक झाकलेलं चालणार नाही. आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवाशी याचा संबंध काय, असं कुणीही विचारेल. संबंध आहे. बी विंगच्या पार्किंगमध्ये कित्येक वर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली साडेतीनशेची बुलेट आता बाहेर निघाली आहे आणि तिच्यावर जुन्या रेसिंग पद्धतीची फेअरिंग बसवण्याचं काम चाललंय. फायबरचं ते पांढरं नाक बघून बच्चेकंपनी विचारते, "आजोबा, हे गाडीचं हेल्मेट आहे का?" कमिटीतले सभासद विचारतात, "हे कायद्यात बसतं का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. शिवाय संपादक मंडळाने मला बजावलंय की लिफ्ट आणि पाण्याची टाकी सोडून लिहा, त्यावर तिघांचे लेख आधीच आलेत!

फेअरिंग म्हणजे वारा कापण्यासाठी गाडीच्या पुढे बसवलेलं कवच. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो मोडायला लागणारी ताकद घनाने. वेग दुप्पट करायचा तर केवळ वाऱ्यासाठी आठपट ताकद हवी. इंजिन मोठं करत बसण्यापेक्षा आकार सुधारणं स्वस्त पडतं, हे इटलीतल्या मोटो गुझी कंपनीने फार लवकर ओळखलं. कोमो सरोवराकाठी मांदेल्लो गावात त्यांचा कारखाना. तिथे 1950 मध्ये त्यांनी स्वतःचा वाऱ्याचा बोगदा बांधला. अख्खी गाडी आत उभी करायची, वर चालक बसवायचा आणि पंख्याचा वारा सोडून मोजमाप घ्यायचं. कार्कानो नावाच्या त्यांच्या इंजिनिअरने एकच सिलिंडर असलेली हलकी गाडी आणि असा अभ्यासलेला आकार यांची सांगड घातली. 350 सीसी गटात 1953 ते 1957 अशी सलग पाच विश्वविजेतेपदं गुझीकडे गेली, तीही चार सिलिंडरच्या जास्त ताकदवान गाड्या स्पर्धेत असताना. कमी भांडवलावर चांगला ताळेबंद दाखवावा तसा हा प्रकार; आम्हा बँकवाल्यांना याचं कौतुक जरा जास्तच.

त्या काळची फेअरिंग नाकापासून पुढचं चाक पोटात घेत थेट मागे जायची. इंग्रजांनी तिचं नाव ठेवलं 'डस्टबिन', म्हणजे कचऱ्याचा डबा. दिसायचीही तशीच. पण पळायची! आयल ऑफ मॅन बेटावरची टीटी शर्यत 1907 साली सुरू झाली, म्हणजे 1957 मध्ये तिचाही सुवर्णमहोत्सव होता. त्या वर्षी स्कॉटलंडच्या बॉब मॅकिन्टायरने डस्टबिन लावलेल्या गिलेरा गाडीवर तिथल्या सुमारे 60 किलोमीटरच्या फेरीत ताशी 100 मैलांची सरासरी ओलांडली. असं करणारा तो पहिलाच. हा मार्ग म्हणजे काही गुळगुळीत ट्रॅक नव्हे. गावांतले, डोंगरातले साधे रस्ते, कडेला दगडी भिंती, मध्ये पूल. आठ फेऱ्या, तीन तासांहून अधिक वेळ, आणि शेवटी जिंकलाही तोच.

मग इतकी गुणाची वस्तू बंद का केली? आडव्या वाऱ्यामुळे. पावसाळ्यात नदीच्या पुलावर छत्री उघडून चालून बघा म्हणजे कळेल. समोरून वारा असेल तर छत्री पुढे धरून चालता येतं, बाजूने आला की छत्री आपल्याला घेऊन जाते. डस्टबिनचा मोठा पृष्ठभाग गाडीच्या गुरुत्वमध्याच्या पुढे असायचा. बाजूचा झोत आला की तो आधी नाकाला ढकलणार, आणि पुढचं चाक त्याच नाकाच्या पोटात. भिंतीआडून गाडी मोकळ्यावर आली की चालकाच्या हातात उरायचं फार थोडं. म्हणून नियम झाला की पुढचं चाक मोकळं हवं आणि चालक दोन्ही बाजूंनी दिसला पाहिजे.

या नियमाने सुधारणेची वाट अडवली, असं म्हणणारे आजही आहेत. चाक झाकूनही स्थिर राहील असा आकार पुढे सापडला असता, हे त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. तो आकार सापडेपर्यंत प्रयोग कोणाच्या जिवावर चालणार होता? गिलेरा, गुझी आणि मोंडियाल त्याच वर्षअखेर शर्यतींतून बाहेर पडल्या, पण तो हिशेब पैशाचा होता. एमव्ही आगुस्ता राहिली आणि 1958 पासून 500 सीसीचं विजेतेपद सलग 17 वर्षं तिच्याच चालकांनी घेतलं, उघड्या चाकानिशी.

नियमानंतर जी फेअरिंग रूढ झाली तिला 'डॉल्फिन' म्हणतात. चाक बाहेर, वर गोलसर नाक, दोन्ही बाजूंना खाली उतरत गेलेले पंखे. बी विंगमध्ये आहे ती हीच. साठच्या दशकात लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरच्या एस कॅफेत जमणारी पोरं आपल्या रोजच्या गाड्या शर्यतीच्या गाड्यांसारख्या सजवायची. खाली वाकलेलं हॅण्डल, लांब टाकी आणि जमलं तर फेअरिंग. फायबरग्लास आल्यामुळे हे परवडायला लागलं. साच्यात काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, वर रेझिन आणि हार्डनर, वाळलं की तयार. आयल ऑफ मॅनवरच्या पील कंपनीने अशा फेअरिंगा बनवल्या आणि त्याच फायबरच्या अनुभवावर पुढे एका माणसापुरती इवलीशी पी-50 मोटारही काढली.

आता आपल्या बुलेटकडे येतो. रॉयल एनफिल्ड मूळची इंग्लंडची, 1955 मध्ये मद्रासला तिची भारतीय कंपनी निघाली. तिकडे मूळ कंपनीने 1958 च्या सुमारास 'एअरफ्लो' नावाची फायबरची फेअरिंग स्वतःच विकायला काढली होती, त्यामुळे एनफिल्डवर फेअरिंग म्हणजे भलतंच काही, असं नाही. मात्र जुन्या साडेतीनशेची ताकद 18 हॉर्सपॉवर. आपल्या चौकातल्या ट्रॅफिकमध्ये वेगाचा फायदा शून्य. हे कौतुक डोळ्यांसाठीच, आणि तेवढं पुरे आहे.

ती गाडी ज्यांची होती ते आपले सभासद आज हयात नाहीत. काम करतोय तो त्यांचा नातू, दर रविवारी, मेन गेटजवळचं प्लगपॉइंट वापरून. विजेचे पैसे तो भरतो, हे तक्रार करणाऱ्यांनी नोंदवून घ्यावं. एका मेकॅनिकने त्याला सल्ला दिला की फेअरिंग आड येते, तर हेडलाइटचं घर कापून टाक. इथे मात्र मी मध्ये पडलो. जुन्या बुलेटचं हेडलाइटचं घर नुसतं झाकण नसतं. एनफिल्डवाले त्याला कॅस्केट म्हणतात. अॅल्युमिनियमचं ओतीव काम, त्यात मीटर, अँपिअर मीटर, दोन बारीक दिवे, आणि मुख्य म्हणजे पुढच्या फोर्कच्या नळ्या वर त्यातच पक्क्या होतात. ते कापणं म्हणजे इमारतीची बीम तोडून खिडकी मोठी करणं. तशी एक मागणी आपल्या जनरल बॉडीत आली होती, सगळ्यांना आठवत असेल.

"काका, मग बसवायचं कसं?" त्याने विचारलं. फायबर कापायचं, गाडी नाही. कॅस्केट आतच ठेवून नाकाला भोक मोठं करायचं. ब्रॅकेट फोर्कवर न घेता चेसिसवर, हेडजवळ आणि इंजिनासमोरच्या नळीवर. नाहीतर वाऱ्याचा सगळा धक्का थेट हॅण्डलला बसतो. हॅण्डल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघायचं, क्लच आणि ब्रेकच्या केबल कुठे दबत नाहीत ना, तेही. पुढचा ब्रेक दाबून गाडी खाली बसवायची आणि मडगार्ड फायबरला घासतं का ते बघायचं. एका सिलिंडरची थरथर फायबरला भोकांपाशी चिरते, म्हणून रबर आणि मोठे वायसर. इंजिन वाऱ्यावर थंड होणारं, तेव्हा त्याच्या पंख्यांसमोर जागा मोकळी हवी. सिग्नलला उभी गाडी तशीही तापतेच.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे बजावलं आहे. म्हणून मी त्याला सांगितलंय की आधी आरटीओत लेखी विचार, उत्तर फाइलला लाव, मगच गेटबाहेर काढ. तोवर फेअरिंग चार बोल्टांवर निघेल अशीच ठेवायची. पत्राचा मसुदा मी करून दिला आहे. कॅस्केटला करवत लागणार नाही, हे पक्कं ठरलंय. रंग कोणता द्यायचा त्यावर घरात अजून वाद आहे. आजीला मूळचा काळा हवा, नातवाला लाल.