हस्तपत्रकाच्या कोपऱ्यातील चौकोन

सकाळी वर्तमानपत्राची घडी उलगडावी आणि तिच्यातून दोन-चार रंगीत हस्तपत्रके मांडीवर पडावीत, हा आपल्या नागर जीवनातील नित्याचा अनुभव आहे. शिकवणीच्या वर्गांपासून साड्यांच्या सेलपर्यंत त्यांचे विषय नाना प्रकारचे असतात; परंतु अलीकडे त्या बहुतेकांच्या एका कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन हटकून दिसतो. त्याला आपण क्यूआर कोड म्हणतो. हस्तपत्रकाचा आणि या चौकोनाचा संबंध अगदी कालपरवाचा, अशी आपली समजूत असते. वास्तविक तो या चौकोनाच्या जन्माइतका जुना आहे, आणि त्याची हकिकत ऐकण्यासारखी आहे.

जपानमधील आइची प्रांतात मोटारींचे सुटे भाग बनविणारी डेन्सो ही कंपनी आहे. १९९० नंतरच्या काळात तेथील पेट्यांवर बारकोडच्या पट्ट्या लावलेल्या असत. एका पट्टीत जेमतेम वीस अक्षरे मावत. मालाचे प्रकार वाढले तशी एकेका पेटीवर दहा-दहा पट्ट्या चिकटवाव्या लागल्या, आणि त्या यंत्राने वाचता वाचता कामगार थकून जाऊ लागले. त्यांचे गाऱ्हाणे मासाहिरो हारा या अभियंत्यांच्या कानी आले. हारा जेवणाच्या सुटीत ‘गो’ नावाचा बैठा खेळ खेळत असत. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी भरलेला तो पट पाहून त्यांच्या मनात आले, की माहिती एकाच दिशेने का भरावी? पटावरील घरांप्रमाणे आडवी आणि उभी अशी दोन्ही दिशांनी का भरू नये?

चौकोनात माहिती भरणे एक वेळ जमले असते. भोवतालच्या छपाईच्या गर्दीतून यंत्राला तो चौकोन चटकन सापडावा कसा, हा खरा प्रश्न होता. त्याच्या कोपऱ्यांत काही खूण ठेवावी, तर तशीच आकृती शेजारच्या मजकुरात असली म्हणजे यंत्र फसणार. तेव्हा हारा व त्यांचे सहकारी यांनी एक चिकाटीचे काम हाती घेतले. हस्तपत्रके, मासिके, पुठ्ठ्याची खोकी असे नाना प्रकारचे छापील साहित्य जमवून, त्यातील चित्रे व अक्षरे केवळ काळ्या आणि पांढऱ्या भागांत रूपांतरित करून, त्या भागांची परस्परांशी असलेली प्रमाणे त्यांनी तपासली. छपाईत सर्वांत विरळ आढळणारे प्रमाण १:१:३:१:१ असे निघाले. आज प्रत्येक क्यूआर कोडच्या तीन कोपऱ्यांत जे चौकोनात चौकोन दिसतात, त्यांच्या मध्यातून रेघ ओढली तर काळ्या-पांढऱ्याचे हेच प्रमाण मिळते. हस्तपत्रकांत जे सहसा नसते, तेच या चिन्हाची ओळख ठरले!

१९९४ मध्ये हे चिन्ह जाहीर झाले. कंपनीने पेटंट आपल्याकडे ठेवले, तथापि ठरलेल्या प्रमाणाबरहुकूम चिन्ह वापरणाऱ्यांवर तो हक्क गाजवला नाही. त्याच्या प्रसाराचे मोठे श्रेय या औदार्याला द्यावे लागेल. २००० मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानक लाभले आणि २००२ पासून जपानमधील मोबाइल फोन ते वाचू लागले. आपल्याकडे २०१६ मध्ये यूपीआय व २०१७ मध्ये भारत क्यूआर आल्यावर ते भाजीच्या गाडीपर्यंत पोहोचले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी तर ते पाठ्यपुस्तकाच्या पानावर आणले. त्यांना २०२० चे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले.

आता आपल्या हस्तपत्रकांकडे वळू. या चौकोनाभोवती निदान चार घरांच्या रुंदीची कोरी जागा सोडावी, असे मानक सांगते. आपला आरेखनकार मात्र कोरी जागा दिसली, की तेथे वेलबुट्टी काढतो. कारखान्यातील तेला-मळाने काही घरे पुसली गेली तरी मजकूर वाचता यावा, म्हणून या चिन्हात दुरुस्तीची गणिती सोय आहे. तिच्या सर्वांत वरच्या पायरीवर सुमारे ३० टक्के भाग बिघडला तरी चालते. पावसात भिजणाऱ्या आणि खिशात चुरगळणाऱ्या कागदासाठी ही मोठीच शिल्लक. ती आपण मध्यभागी दुकानाचे बोधचिन्ह छापून आधीच खर्चून टाकतो. पत्ता लांबलचक दिला तर घरे वाढतात: लहानात लहान चौकोनात एका बाजूस २१ घरे, मोठ्यात मोठ्यात १७७. हातातील कागद डोळ्यांपासून वीतभर किंवा थोडा अधिक दूर असतो; अंतराच्या दशांशाइतका चौकोन, म्हणजे सुमारे तीन सेंटिमीटर, हा ढोबळ हिशेब सोयीचा आहे. गुळगुळीत, चकाकणारा कागद आणि नेमकी चौकोनावरच आलेली घडी या दोन्ही गोष्टी टाळलेल्या बऱ्या.

याहून गंभीर गोष्ट अशी, की हे चिन्ह माणसाच्या डोळ्यांना वाचता येत नाही. छापील अक्षर फसवे असले तरी निदान ते काय म्हणते हे आपणांस दिसते. येथे तेवढाही आधार नाही. खऱ्या चौकोनावर दुसराच चौकोन चिकटवून लोकांचे पैसे लुबाडल्याचे प्रकार घडले आहेत. म्हणून चौकोनाखाली तो कोठे नेतो ते साध्या मराठीत लिहावे आणि पत्ता अक्षरांतही छापावा. फोनवर उमटलेला पत्ता वाचकाला त्याच्याशी ताडून पाहता येतो. ज्याच्याजवळ तसा फोन नाही, त्याचीही सोय होते.

गेल्या वर्षी एका गायनसभेचे सुंदर हस्तपत्रक माझ्या हाती आले. गायकांची छायाचित्रे होती, रंगसंगती डोळ्यांत भरणारी होती. स्थळ आणि वेळ मात्र ‘कोड स्कॅन करा’ एवढ्या शब्दांत उरकली होती. तो चौकोन थेट मुक्कामी न नेता एका मध्यस्थाच्या पत्त्यावरून पुढे जाणारा होता आणि त्या मध्यस्थाची मुदत संपली होती, असे फोनने मला कळवले. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी तेच पत्रक उलटसुलट करून पाहिले आणि मला विचारले, “अहो, सभा आहे तरी कुठे?” आम्हा दोघांना ते चौकातल्या फलकावरून कळले, आणि आम्ही पोहोचलो तोवर पहिली बैठक संपली होती.