बांगाईचा मासा

रुपेरी अंग, त्यावर तीन काळे पट्टे. बांगाई कार्डिनल मूळचा फक्त इंडोनेशियातल्या, सुलावेसीच्या पूर्वेकडच्या बांगाई बेटांभोवतीचा. १९३३ साली कौमान्स या डच शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं आणि पुढची साठेक वर्षं जग त्याला विसरून गेलं. १९९०च्या दशकात जेराल्ड ॲलन यांनी तो पुन्हा उजेडात आणला, आणि घरात रीफ टँक ठेवणारे हौशी त्यावर अक्षरशः तुटून पडले. २००७ मध्ये तो आययूसीएनच्या लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला.

इतक्या लवकर? कारण त्याच्या संसारात आहे. नर अंडी तोंडात धरतो, पिल्लंही काही दिवस तोंडातच ठेवतो. इतर बहुतेक रीफ माशांची पिल्लं प्रवाहाबरोबर लांब जातात, याची घराजवळच राहतात. त्यामुळे एक किनारा उपसला की शेजारच्या बेटावरून भरपाई होत नाही.

गंमत (खरं तर चीड आणणारी) अशी की, याच सवयीमुळे तो टाकीत वाढवणं तुलनेने सोपं. पिल्लं बाहेर पडतात तीच मोठी, लगेच आर्टेमिया खाणारी.

माझ्या टाकीत सध्या फक्त खारं पाणी आणि दगड आहेत. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू वाढायला काही आठवडे लागतातच. दुकानदाराला विचारलं, "मासा टाकीत जन्मलेला की समुद्रातला?"

"काय फरक पडतो, सर?"

मी दुसरं दुकान शोधतोय.