एक छावणी, दोन निर्वासित

आधी एक खुलासा. मी बेलापूरचा, म्हणजे नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या प्रवरेकाठच्या बेलापूरचा. नवी मुंबईतल्या सीबीडीचा नव्हे! आमच्याकडे दिवाळीचे कपडे घ्यायला श्रीरामपूरला जायचं, आणि दुकान हमखास सिंधी माणसाचं. शेठ गिऱ्हाईकाशी अस्सल नगरी मराठीत बोलायचे आणि वळून मुलाशी भलत्याच भाषेत. यांना मराठी शिकवली कुणी, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. हल्ली मात्र 'इथे राहायचं तर मराठी आलीच पाहिजे' यावर ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये इतके वाद ऐकतो, की आता तो पडतोय.

त्याच्या मागे लागून वाचत गेलो आणि कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पोचलो.

गोष्ट आहे १९४३ची. दुसरं महायुद्ध चालू होतं. सोव्हिएत रशियाने पूर्व पोलंडमधून १९४०-४१मध्ये लाखो लोकांना उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. १९४१मध्ये त्यांना सोडायचा करार झाला आणि त्यातले काही इराणमार्गे हिंदुस्थानात आले. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला, ते बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याहून मोठी छावणी आपल्याकडे, कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याला होती. सुमारे ५,००० माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. पुरुष लढाईवर.

लांबच लांब बराकी, प्रत्येक कुटुंबाला त्यातल्या एक-दोन खोल्या. इथवर कुठल्याही छावणीसारखंच. पण वळिवड्यात चर्च होतं, नाटकं व्हायची, बालवाडीपासून वरच्या वर्गांपर्यंत पोलिश भाषेतल्या शाळा होत्या. खर्च मुख्यतः लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचा. हिशेब सरळ होता: ही मुलं उद्या मायदेशी परत जाणार, तेव्हा त्यांची भाषा शाबूत राहिली पाहिजे.

प्रत्यक्षात बरेचसे परत गेलेच नाहीत. युद्धानंतर पोलंड सोव्हिएत पंखाखाली गेला. १९४८पर्यंत छावणी रिकामी झाली आणि अनेक कुटुंबं ब्रिटनला गेली. तिथे १९४७ साली खास पोलिश लोकांच्या पुनर्वसनासाठी कायदा झाला होता. राहायची सोय, भत्ते, नोकरीला मदत, आणि शिक्षणासाठी वेगळी समिती. इंग्रजी शिकवून त्यांना ब्रिटिश समाजात मिसळवून घेणं हे सरकारने आपलं काम मानलं. पोलिश टिकवायचं काम मात्र पालकांवर आलं. त्यांनी ते शनिवारच्या शाळा काढून केलं.

आता परत वळिवड्याला येऊ. पोलिश गेले आणि त्याच बराकींत फाळणीने बेघर झालेले सिंधी आले. त्या वस्तीचं आजचं नाव गांधीनगर, कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ.

पंजाब आणि बंगाल फाळणीत दुभंगले, पण त्यांचा एकेक तुकडा तरी भारतात राहिला. सिंध अख्खा पलीकडे गेला. ६ जानेवारी १९४८ला कराचीत दंगल झाली आणि बोटी भरभरून लोक मुंबई बंदरात उतरले. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सुमारे लाखभर माणसं राहिली. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं 'उल्हासनगर' झालं. पुण्याला पिंपरी कॅम्प झाला. सरकारने काही केलं नाही असं कुणी म्हणू नये. १९४८मध्ये विस्थापितांना धंद्यासाठी कर्ज देणारी वित्तसंस्था काढली, १९५४मध्ये भरपाईचा कायदा केला. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, खिसा फाटका असलेल्या देशासाठी हे खरंच मोठं काम होतं.

पण भाषेचं काय? सिंधी माध्यमाच्या शाळा निघाल्या. मग सिंधी अरबी वळणाच्या लिपीत लिहायची की देवनागरीत, यावर वर्षानुवर्षं भांडण. अखेर दोन्ही चालतील असं ठरलं. घटनेच्या आठव्या परिशिष्टात सिंधीला जागा मिळायला १९६७ उजाडलं. तोवर एक पिढी मोठी झाली होती. पुढे मुलं इंग्रजी, हिंदी, मराठी शाळांकडे वळली आणि आजी-नातवाची लिपीच वेगळी झाली. मराठी हे लोक शिकले ते बहुतेक गल्ल्यावर बसून, गिऱ्हाईकाशी घासाघीस करत. पोटासाठी शिकले, आणि झकास शिकले.

तर मुद्दा असा. माणूस नव्या जागी रुजतो तेव्हा दोन खर्च येतात: छपराचा आणि भाषेचा. छपराचा खर्च दिसतो, म्हणून सरकार तो करतं. भाषेचा दिसत नाही, म्हणून तो घरच्यांवर पडतो. काही देशांनी हे लवकर ओळखलं. ऑस्ट्रेलिया १९४८पासून प्रौढ स्थलांतरितांना सरकारी खर्चाने इंग्रजी शिकवतंय. कॅनडाने १९७१मध्ये एक पाऊल पुढे जाऊन बहुसांस्कृतिकता हेच सरकारी धोरण केलं. म्हणजे आमची भाषा शिका, आणि तुमचीही सोडू नका.

आपल्याकडे काय? शाळकरी मुलांसाठी २०२०चा मराठी सक्तीचा कायदा आहे. पण माझ्या शेजारच्या डेस्कवरचा तिशीतला पाटण्याचा मुलगा, किंवा आमच्या सोसायटीचा ओडिया वॉचमन? त्यांना 'मराठी शिका' असं दरडावणारे पैशाला पासरी, शिकवायला बसणारे मात्र विरळा. आणि गंमत म्हणजे आपलेच मित्र न्यू जर्सीत रविवारी मुलांना मराठी शाळेत सोडतात, तेव्हा आपला ऊर भरून येतो. त्याच न्यायाने पाटण्याच्या पोराने घरी भोजपुरी बोललेली आपल्याला का खुपावी?

मला विचाराल तर मराठीचा आग्रह जरूर धरावा, मीही धरतो. पण आग्रहासोबत वर्गही हवा. संध्याकाळी साडेसातला, स्टेशनजवळच्या पालिका शाळेत, फुकट. वीज, पंखे, बाकं तिथे आहेतच. शिकवणारे लागतील, आणि त्यात तुम्ही-आम्हीही आलो. मी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यायला तयार आहे. तुम्ही?