रेलून चालवायची सायकल : १९३४ चा नियम आणि आपली निवड

लांब पल्ला वेगात गाठायचा असेल, तर रेलून चालवायच्या सायकलींपैकी, म्हणजे रिकम्बंटपैकी, कोणत्या घडणीची घ्यावी? आजचा विषय हा.

माझ्यापुढे हा प्रश्न हौसेने आला नाही, बधिर झालेल्या बोटांमुळे आला. मी बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये राहतो. पहाटे काडु मल्लेश्वराच्या देवळापासून निघायचं आणि यशवंतपूरवरून तुमकूर रोडला लागायचं, हा माझा नेहमीचा रस्ता. याच देवळाला १६६९ साली शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी दान दिल्याचा शिलालेख आहे. आणि हाच रस्ता पुढे बेळगाव, कोल्हापूर करत पुण्याला जातो. तर, ३०० किलोमीटरच्या एका ब्रेव्हेनंतर माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट तीन आठवडे बधिर राहिलं. शर्टाचं बटण लागेना. डॉक्टर म्हणाले, "हँडलवर तळव्याचा भार पडून नस दबते आहे. भार काढा, नाहीतर एवढ्या लांब जाणं सोडा."

सोडायचं नव्हतं. मग रेलून बसायचे प्रकार बघायला लागलो आणि गोंधळलो. साधी सायकल कुठेही बघा, आकार एकच. इथे मात्र प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. असं का? त्याचं उत्तर इतिहासात आहे.

फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाचा कारागीर 'व्हेलोकार' बनवायचा. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये त्याच्या रेलत्या सायकलवर फ्रान्सिस फोर या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूने एका तासात ४५.०५५ किलोमीटर कापले. ऑस्कर एगचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम १९१४ पासून टिकून होता, तो मोडला. आता वाद पेटला : ही सायकल म्हणायची का? यूसीआय या सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेने १९३४ साली सायकलची व्याख्याच बांधून दिली. पेडलचा धुरा जमिनीपासून किती उंच, सीट त्याच्या किती मागे, सगळं ठरलं. त्या मापात रेलती सायकल बसेना. मोशेही त्याच वर्षी वारला.

शर्यत बंद म्हणजे कारखाने बंद. साधी सायकल पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून एका आकाराला आली. रेलती सायकल मात्र छंदिष्टांच्या हाती राहिली. १९७० च्या दशकात अमेरिकेत ती पुन्हा वर आली, पण तोवर सुटे भाग, चाकं, गिअर सगळं उभ्या सायकलच्या मापाचं झालं होतं. निवड करताना हे विसरू नका.

आता 'वेगात' म्हणजे काय ते बघू. ब्रेव्हे ही शर्यत नव्हे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास. म्हणजे थांबे धरून ताशी १५ किलोमीटर. मात्र स्वतःच्या ताकदीवर चालणारं वाहन असलं की तिथे रेलत्या सायकललाही मुभा असते. वाऱ्याचं गणित असं : वेग २५ वरून ३० वर नेला, तर फक्त हवा कापायला सुमारे पाऊणपट जास्त ताकद लागते. रेलून बसलं की हवेला अंग कमी लागतं, तिथे फायदा. चढावर तो फायदा जातो, वर पेडलवर उभंही राहता येत नाही.

प्रकार बघा. लोरेसर जमिनीलगत असते, सपाटीवर फार वेगवान. पण आपले गतिरोधक आणि ट्रकवाल्याची नजर, दोन्ही आड येतात. तीनचाकी पडत नाही, पण तीन रेघांत चाकं जातात, खड्डा चुकवणं अवघड. लाँग व्हीलबेस आरामाची, पण लांबलचक; घरात आणि रेल्वेत नेणं कटकटीचं. शॉर्ट व्हीलबेसमध्ये पुढचं चाक छोटं असलं तर ते खड्ड्यात दणकतं, आणि आपल्याला बूड उचलता येत नाही.

राहिली हायरेसर : दोन्ही चाकं मोठी, नजर मोटारवाल्याच्या पातळीला. टायर-ट्यूब साध्या सायकलचेच, हुबळीतही मिळतील. साखळी लांब लागते, पण दोन-अडीच साध्या साखळ्या जोडून होते. १९३४ च्या नियमाने सगळा बाजार उभ्या सायकलचा केला. त्या बाजारावर चालू शकेल अशी रेलती सायकल ती हीच. उंची कमी असेल, पाय टेकत नसतील, तर थोड्या लहान चाकांची घ्या.

मी हायरेसर घेतली. पहिले दोन महिने सिग्नलला धडपडलो, मांड्या भरून यायच्या, पायाच्या बोटांना मुंग्या येतात त्या अजूनही येतात. चढावर मित्र पुढे जातात, उतारावर मी त्यांना गाठतो. आणि बटणं माझी मी लावतो.