पानिपतावरचा पळ

मी विंचूरचा, असं पुण्यात सांगितलं की इतिहास वाचणारा एखादा हमखास म्हणतो, "म्हणजे पानिपतावर गोल फोडणाऱ्यांच्या गावचा!" बाकीच्यांना लासलगावजवळचं कांद्याचं गाव एवढंच ठाऊक असतं. ते बरे.

विठ्ठल शिवदेव विंचूरकर पेशव्यांचे मातब्बर सरदार. 14 जानेवारी 1761 ला त्यांची आणि दमाजी गायकवाडांची पथकं इब्राहिमखान गारद्याच्या जवळ उभी होती. गारद्याच्या तोफा-बंदुकांनी वाट मोकळी करायची आणि तोवर घोडदळाने जागा सोडायची नाही, असा बेत होता. समोरचे रोहिले मागे हटताना दिसले आणि आमचे घोडे सुटले. लढाईच्या बहुतेक वर्णनांत हे येतं. स्वार आपल्याच तोफांच्या आड आले, तोफांना थांबावं लागलं आणि रोहिल्यांच्या बंदुकांनी स्वारांना मागे रेटलं.

खरा आकांत दुपारनंतरचा. विश्वासरावांना गोळी लागली. भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, लांबून दिसली ती फक्त रिकामी अंबारी. काशीराज पंडित त्या दिवशी पलीकडच्या गोटात, शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. चेटूक व्हावं तशी सगळी फौज एकाएकी पाठ फिरवून पळाली, असं त्याने लिहून ठेवलंय.

हे चेटूक मला शाळेपासून छळत होतं. कॉलेजात असताना मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा 1978 चा एक निबंध हाती लागला. त्याचा विषय दंगल. समजा, चौकात शंभर माणसं आहेत आणि प्रत्येकाच्या मनात एक आकडा आहे: किती जणांनी दगड उचलला की मी उचलीन? एकाचा आकडा शून्य, दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असं करत शेवटच्याचा नव्याण्णव. पहिला सुरू झाला की साखळी शेवटपर्यंत जाते. आता फक्त 'एक'वाला काढून त्याच्या जागी 'दोन'वाला ठेवा. एकटाच माणूस दगड मारतो आणि दंगल तिथेच संपते. जमाव जवळजवळ तोच असतो. बाहेरून बघणारा मात्र म्हणेल, पहिल्या चौकात सगळे गुंड होते आणि दुसऱ्यात सगळे सज्जन.

हे मी रूमवरच्या मित्राला उत्साहाने सांगितलं. तो वैतागला. "शौर्य, भीती, सगळ्याचे आकडेच करायचे तर इतिहासात उरलं काय? पळालेही आकड्याने, लढलेही आकड्याने!" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. पानिपतावरचे आकडे काही कुणी मोजू शकत नाही. पण आठवडेच्या आठवडे रसद तुटलेली, पोटात अन्न नाही, जवळ बायकापोरं, वर रिकामी अंबारी, हे सगळं एकत्र आलं की हजारोंचे आकडे खाली घसरणारच. पळ समजायला आता चेटूक लागत नाही, आणि अख्ख्या फौजेला भेकड म्हणायचीही गरज उरत नाही. विंचूरकरांची चूक मी झाकत नाही. जागा सोडायची नव्हती, ती सोडली. पण पळणारा शत्रू दिसल्यावर लगाम धरून थांबणं किती अवघड, हे घोड्यावर न बसलेल्यांनी फार ठासून सांगू नये.

एवढं समजल्यावर माझं कुतूहल संपलं नाही, त्याने फक्त जागा बदलली. पळणाऱ्यांचं कोडं सुटलं, आता न पळणारे दिसू लागले. इब्राहिमखान जागेवरून हलला नाही. पकडला गेला आणि मारला गेला. भाऊसाहेब शेवटपर्यंत लढत राहिले. त्यांचा आकडा फार मोठा होता, असं म्हणता येईल. पण तो तेवढा मोठा कशाने झाला?

यात माझंही एक प्रकरण आहे. मी अकरा वर्षांचा असताना शेजारच्या गावच्या जत्रेत दिवे गेले, कुणीतरी ओरडलं आणि लोक धावले. मी धाकट्या भावाचा हात सोडून पळालो. ओढला गेलो नाही, मीच सोडला. दिवे आले तेव्हा तो एका कासारणीच्या पाटाखाली बसलेला सापडला. गर्दीत तिने त्याला दंडाला धरून आत ओढलं होतं.

माझ्या पळण्याचा हिशेब आता मला नीट मांडता येतो. कासारणीचाही थोडाफार मांडता येतो: समोर काचेच्या बांगड्यांचा माल पसरलेला, तो टाकून बाई जाणार कुठे? पण त्या अंधारात दोन्ही हातांनी टोपली सावरायची सोडून एक हात तिने अनोळखी पोरासाठी बाहेर काढला. तिथे माझा हिशेब अडतो.

मागच्या दिवाळीत भावाला विचारलं, तुला त्यातलं काय आठवतं? म्हणाला, "पाटाखाली अंधार होता. आणि ती वरून सारखी म्हणत होती, हलू नकोस, बांगड्या फुटतील."